हातापायाच्या फ्रॅक्चरनंतर पेशंटचं जगणं कसं मोजायचं: फॉर्म निवडण्यापासून फाईलला लावेपर्यंत

एक मावशी मनगटाच्या फ्रॅक्चरसाठी आमच्याकडे यायच्या. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, एक्सरे छान, मनगट वर-खाली जवळजवळ पूर्ण व्हायला लागलं, मुठीची ताकदही बरी, मग मी त्यांना सांगितलं की आता घरी व्यायाम करा, यायची गरज नाही. तीन महिन्यांनी त्या नातवाला घेऊन आल्या तेव्हा सहज विचारलं, मावशी हात कसा आहे, तर म्हणाल्या, "हात बरा आहे गं ताई, पण भाकरी आता सून थापते, मी नुसती बसून बघते." एवढं बोलून डोळ्यांत पाणी. तळहाताच्या टाचेवर दाब आला की कळ यायची, रात्री हात उशाखाली गेला की जाग यायची, आणि घरात आपला उपयोग संपला असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. माझ्या फाईलमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं, कारण मी अंश मोजले होते आणि मावशींना काही विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक हातापायाच्या दुखापतीच्या पेशंटचं जीवनमान मोजते. हा लेख फिजिओथेरपिस्ट, ऑर्थोचे रेसिडेंट, नर्सिंगवाले, एमपीटीचा, म्हणजे फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीचा, प्रबंध करणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहे, पण घरात असा पेशंट असेल तर तुम्हीही वाचा, बरंच उपयोगी पडेल.

आधी हे ठरवा की मोजायचं काय आहे

जागतिक आरोग्य संघटना जीवनमानाची जी व्याख्या करते तिचा गाभा असा की माणूस ज्या संस्कृतीत आणि ज्या मूल्यांमध्ये राहतो तिथे, स्वतःच्या अपेक्षा आणि काळज्या धरून, त्याला स्वतःला आपली जागा कुठे वाटते. म्हणजे हे ठरवणार पेशंट. डॉक्टर नाही, फिजिओ नाही, मुलगा-सून पण नाही.

इथे तीन गोष्टींची गल्लत फार होते. एक म्हणजे शरीराची अवस्था, सांधा किती वाकतो, हाड जुळलं का, सूज किती. दुसरं म्हणजे काम, चालता येतं का, जिना चढता येतो का, कळशी उचलता येते का. आणि तिसरं म्हणजे या सगळ्यासकट माणसाला जगणं कसं वाटतंय, झोप, चिंता, पैसा, घरातलं स्थान, बाहेर जाणं. तिन्ही एकमेकांना धरून असतात पण एकच नसतात. दोन पेशंटचे गुडघे सारखेच ९० अंश वाकतात, त्यातला एक टेबल-खुर्चीवर बसून हिशेब लिहितो आणि दुसऱ्याला खाली बसून भांगलण करायची असते, दोघांचं जगणं सारखं कसं असेल?

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरचे टक्के हे पण जीवनमान नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुतेक लाभांसाठी ४० टक्क्यांची रेघ आहे, ते टक्के अवयवाच्या कायमच्या नुकसानीचे असतात. बोट गेलेल्या तबलजीचे टक्के कमीच निघतील, पण त्याचं काय गेलं ते टक्क्यांत येत नाही.

यावर अमेरिकेत मोठं काम झालंय, लीप नावाचा अभ्यास. पायाच्या अतिशय गंभीर दुखापतीचे ५६९ पेशंट, काहींचा पाय वाचवला, काहींचा कापावा लागला, आणि दोन वर्षांनी पेशंटनेच भरलेल्या प्रश्नावलीवरून बघितलं तर दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. २००२ साली हे छापून आलं. फरक कशाने पडत होता, तर शिक्षण कमी, गरिबी, विमा नाही, आधाराला माणसं नाहीत, आपण यातून बाहेर येऊ हा विश्वास कमी, पुन्हा पुन्हा ॲडमिट व्हावं लागणं, अशा गोष्टींनी. मी हे वाचलं तेव्हा मला मावशी आठवल्या.

फॉर्म निवडणं

माझा नियम साधा आहे, एक सर्वसाधारण फॉर्म, एक त्या अवयवाचा, आणि एक पेशंटच्या स्वतःच्या शब्दांतला. तिन्ही मिळून पंधरा-वीस मिनिटांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर शेवटचे प्रश्न पेशंट कंटाळून भरतो आणि ते आकडे कामाचे राहत नाहीत.

सर्वसाधारण फॉर्ममध्ये ओपीडीत चालवायला सगळ्यात सोपा ईक्यू-फाइव्हडी-फाइव्हएल. पाच प्रश्न, हिंडणं-फिरणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, दुखणं, आणि चिंता किंवा उदासी, प्रत्येकाला पाच पायऱ्या, आणि शेवटी ० ते १०० ची एक उभी पट्टी ज्यावर पेशंटने आजची तब्येत दाखवायची. दोन-तीन मिनिटांत होतो. मराठीत अधिकृत आवृत्ती आहे, युरोक्वॉल संस्थेच्या साइटवर रजिस्ट्रेशन करून मागवायची.

वेळ असेल आणि जगणं जास्त खोलात बघायचं असेल तर डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ. २६ प्रश्न, चार भाग, शारीरिक, मानसिक, नातेसंबंध आणि आजूबाजूची परिस्थिती. हा चौथा भाग मला फार मोलाचा वाटतो कारण त्यात पैसा, घर, दवाखान्यापर्यंत पोचणं, प्रवासाची सोय हे सगळं येतं, आणि वाडीवरच्या पेशंटचा अर्धा त्रास तिथेच असतो. एसएफ-३६ पण चांगला आहे, आठ भागांचा, त्याची रँड या संस्थेची आवृत्ती मोफत आहे, पण त्यात एक गोची आहे ती पुढे वेळापत्रकात सांगते.

आता अवयवाचा फॉर्म. हातासाठी डॅश, ३० प्रश्नांचा, किंवा त्याचा छोटा भाऊ क्विकडॅश, ११ प्रश्नांचा. एक गोष्ट नीट समजून घ्या, डॅश विचारतो की हे काम तुम्हाला करता येतं का, कुठल्याही हाताने. उजवं मनगट मोडलेला माणूस डाव्या हाताने पिशवी उचलत असेल तरी त्याला चांगला स्कोअर येणार. एकूण जगण्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण फक्त त्या मनगटाचं बघायचं असेल तर पीआरडब्ल्यूई घ्या, १५ प्रश्न, दुखणं आणि काम दोन्ही, खास मनगटासाठी केलेला. पायासाठी एलईएफएस, २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ८०, आणि यात जास्त स्कोअर म्हणजे चांगलं. डॅशमध्ये उलटं, जास्त म्हणजे वाईट. एका तक्त्यात दोन्ही असले की विद्यार्थी इथेच घसरतात, त्यामुळे तक्त्याच्या डोक्यावरच लिहून ठेवा, "जास्त म्हणजे चांगलं" किंवा "जास्त म्हणजे वाईट". घोट्याच्या फ्रॅक्चरला ऑलेरुड-मोलँडर आहे, ० ते १०० चा, पटकन होतो. ज्याला हात आणि पाय दोन्हीला मार आहे, आपल्याकडे दुचाकीच्या अपघातात हे नेहमीचंच, त्याला एसएमएफए चालतो, ४६ प्रश्नांचा, त्यात काय जमत नाही याच्याबरोबर त्याचा त्रास किती होतो हेही वेगळं विचारलंय.

तिसरा, पेशंटच्या शब्दांतला, माझा सगळ्यात लाडका. पेशंट-स्पेसिफिक फंक्शनल स्केल असं त्याचं नाव, नाव मोठं पण काम सोपं. पेशंटला विचारायचं, दुखापतीमुळे जमत नाहीत किंवा फार जड जातात अशी तीन ते पाच महत्त्वाची कामं सांगा, आणि प्रत्येकाला ० ते १० गुण द्यायला लावायचे, ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे पूर्वीसारखं. मग बघा काय काय येतं. भाकरी थापणं, गाईची धार काढणं, एसटीची पायरी चढणं, देवापुढे मांडी घालून बसणं, नमाजाला वाकणं, नातवाला कडेवर घेणं, एका काकांनी तर सरळ सांगितलं, "आषाढीला वारीत चालायचंय, बाकी तुमचं काय असेल ते लिहा." ह्या गोष्टी टोरोंटोत किंवा अमेरिकेत तयार झालेल्या फॉर्ममध्ये कुठून येणार? पुढच्या वेळी तीच कामं परत विचारायची, नवीन यादी करायची नाही. सरासरी २ गुणांनी वाढली तर खरा बदल धरतात, एकाच कामाचं बघत असाल तर ३.

भाषेचं काम, इथे घाई करू नका

मी बघितलेली सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंग्रजी फॉर्म हातात धरून समोरच्या समोर मराठी करून विचारणं. आज तुम्ही "अडचण" म्हणालात, पुढच्या महिन्यात तुमचा ज्युनियर "त्रास" म्हणाला, पेशंटने वेगळं उत्तर दिलं आणि तुम्ही लिहिलं सुधारणा झाली.

म्हणून आधी ज्या संस्थेचा फॉर्म आहे तिच्याकडे अधिकृत मराठी आहे का ते बघा. असेल तर स्वल्पविरामही न बदलता तोच वापरा. नसेल तर परवानगी काढा आणि रीतसर करा. दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, बसून एक करायचं, मूळ फॉर्म न बघितलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, जिथे अर्थ घसरला तिथे दुरुस्त करायचं, आणि मग दहा-पंधरा पेशंटना वाचून दाखवून विचारायचं की तुम्हाला यातून काय कळलं. ही शेवटची पायरी सगळे गाळतात आणि तीच सगळ्यात कामाची आहे. एलईएफएसमध्ये दोन ब्लॉक चालण्याचा प्रश्न आहे, ब्लॉक म्हणजे काय हे सोलापूरच्या पेशंटला कसं कळणार, तिथे "चौकापासून चौकापर्यंत" की "घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत" हे पेशंटशी बोलूनच ठरतं. बाथटबमधून आत-बाहेर येण्याचा प्रश्न आहे, आपल्याकडे मोरी किंवा बाथरूमचा ओला उंबरा. क्विकडॅशमध्ये सुरीने अन्न कापणं आहे, आपल्या कित्येक घरांत विळी. असे बदल एकट्याने मनाने करायचे नाहीत, पण करावे लागले तर लिहून ठेवायचे आणि प्रबंधात सांगायचे.

एलईएफएसमध्ये उकिडवं बसण्याचा प्रश्न आहे हे आपलं नशीब, कारण भारतीय संडास वापरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पायाच्या सगळ्या प्रश्नांतला तो राजा. पण २० पैकी तो एकच, म्हणजे ८० पैकी ४ गुण. ज्याचं बाकी सगळं जमतं पण खाली बसता येत नाही त्याचा स्कोअर ७६ येऊ शकतो आणि तो माणूस गावाकडे लग्नाला जायचं टाळत असतो. म्हणून घरचा संडास कुठला, पाणी कुठून आणता, जेवायला खाली बसता की खुर्चीवर, एवढं पहिल्या भेटीत वेगळं लिहून घ्या.

कधी विचारायचं

पहिली वेळ ॲडमिट असताना किंवा पहिल्या आठवड्यातच. तेव्हा दोन गोष्टी घ्यायच्या, दुखापतीच्या आधीचा आठवडा कसा होता, आणि आत्ता कसं आहे. आधीचं नंतर विचारू म्हणून ठेवलं तर सहा महिन्यांनी माणूस सांगतो की मी तर पूर्वी घोड्यासारखा धावायचो. तो खोटं बोलत नाही, आठवणच तशी गोड होत जाते. ज्या काकूंचा गुडघा आधीपासूनच झिजलेला होता त्यांना फ्रॅक्चरनंतर ८० पैकी ८० कधीच मिळणार नाहीत, त्यांची मजल कुठपर्यंत होती हे कळलं तरच कुठे पोचवायचं ते कळतं.

त्यानंतर ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने आणि १ वर्ष. मनगटाला ३ महिन्यांवर चित्र बरंच स्पष्ट होतं, नडगीच्या हाडाला मात्र जुळायलाच चार ते सहा महिने लागू शकतात, तिथे वर्षाचा फॉलोअप सोडू नका.

आता ती गोची. प्रत्येक फॉर्म वेगळा काळ विचारतो. ईक्यू-फाइव्हडी आणि एलईएफएस "आज" विचारतात, डॅश गेला आठवडा, डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ गेले दोन आठवडे, आणि एसएफ-३६ च्या नेहमीच्या आवृत्तीत बरेच प्रश्न गेल्या चार आठवड्यांचे. सहाव्या आठवड्यात प्लास्टर काढायच्या दिवशी एसएफ-३६ भरून घेतला तर तुम्ही प्लास्टरचाच काळ मोजलात, आत्ताचा हात नाही.

आणि महिना लिहा. हे कुठल्याच पुस्तकात मला ठळक दिसलं नाही पण आपल्याकडे फार फरक पडतो. घोट्याचं फ्रॅक्चर झालेले एक शेतकरी दादा एप्रिलमध्ये म्हणाले की कामात काही अडचण नाही, कारण शेतात कामच नव्हतं. जूनमध्ये पेरणीला ओल्या ढेकळांत उभं राहिल्यावर स्कोअर कोसळला आणि आम्हाला वाटलं घोटा बिघडला. घोटा होता तसाच होता, काम बदललं होतं. ऊसतोड कामगारांचं तर अजून अवघड, हंगाम सुरू झाला की ते गावातच नसतात, फोन नंबर मुकादमाचा असतो, म्हणून निघायच्या आधीच भरून घ्या.

प्रत्यक्ष बसून विचारताना

उपचार करणाऱ्याने शक्यतो स्वतः विचारू नये. आपली माणसं भिडस्त, ज्या डॉक्टरने ऑपरेशन केलं त्याच्या तोंडावर कोण सांगणार की अजून दुखतंय, "बरं आहे साहेब, तुमच्या कृपेने" हेच उत्तर येतं. इंटर्न, नर्स, समाजसेवा विभागातली व्यक्ती, कोणीतरी तिसरं असलं तर बरं. आणि सुरुवातीलाच सांगायचं, याच्यात बरोबर-चूक काही नाही, तुमच्या उत्तरामुळे उपचार कमी होणार नाहीत आणि औषधं बंद होणार नाहीत. वाहन अपघाताचा क्लेम चालू असेल तर हेही सांगा की हा फॉर्म कोर्टाचा नाही, कारण ती भीती किंवा आशा मनात असतेच.

ज्याला वाचता येतं त्याला स्वतः भरू द्या. येत नसेल तर प्रश्न छापलाय तसाच वाचा, सावकाश, आणि पेशंटने "म्हणजे काय?" विचारलं तर परत तसाच वाचा. उदाहरणं देऊन समजवायचा मोह होतो, मलाही होतो, पण मी जिन्याचं उदाहरण दिलं की पेशंट जिन्याचंच उत्तर देतो. पाच पर्यायांचं एक मोठ्या अक्षरातलं कार्ड करून समोर ठेवा, बोटाने दाखवणं सोपं जातं. एकदा वाचून दाखवून घेतलं तर पुढच्या सगळ्या वेळी तसंच घ्या, एकदा कागदावर आणि एकदा फोनवर असं केलं तर बदल पायाचा की पद्धतीचा हे सांगता येत नाही.

० ते १०० ची पट्टी म्हाताऱ्या माणसांना जड जाते. आमच्याकडे आजी-आजोबा स्वतःहूनच म्हणतात, "रुपयात बारा आणे बरं आहे." छान आहे हे, गप्पा सुरू करायला नक्की वापरा, पण बारा आणे म्हणजे ७५ असं मनाने लिहून फॉर्म भरू नका, पट्टीवर बोट ठेवायला लावाच.

नातेवाईकांना प्रेमाने बाहेर बसवा. हे मी अनुभवाने सांगते, सासू शेजारी असताना सून कधीच सांगणार नाही की मला धुणं जमत नाही, आणि मुलगा शेजारी असताना वडील कधीच सांगणार नाहीत की मला ओझं झाल्यासारखं वाटतं. "चहा घेऊन या तोवर" एवढं पुरतं. डॅशमध्ये आणि डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफमध्ये लैंगिक संबंधांचा एकेक प्रश्न आहे, तो लाजून गाळायचा नाही, बाईला बाईने आणि पुरुषाला पुरुषाने विचारला तर बऱ्याचदा उत्तर मिळतं, नको असेल तर रिकामा ठेवू द्या. पण विचारण्याआधीच आपण काट मारायची हे चूक आहे, नडगीला बाहेरून सळ्या बसवलेला तिशीतला माणूस आठ महिने याच काळजीत असतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

आकडेमोड

क्विकडॅश असा करा. ११ उत्तरांची बेरीज समजा ३८. भागिले ११, आलं ३.४५. त्यातून १ वजा, २.४५. गुणिले २५, म्हणजे साधारण ६१. तीन महिन्यांनी बेरीज २४ आली तर तसंच करून साधारण ३०. एखादं उत्तर राहिलं तर चालतं, भागायचं जितकी उत्तरं आहेत तितक्याने, पण निदान १० हवीत. मोठ्या डॅशला ३० पैकी निदान २७. यापेक्षा कमी असतील तर स्कोअर काढूच नका.

एलईएफएस नुसती बेरीज. ३१ वरून ४४ झाले म्हणजे १३ ने वाढ.

डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफमध्ये तिसरा, चौथा आणि सव्विसावा प्रश्न उलटा असतो, ६ मधून उत्तर वजा करून घ्यायचं. मग प्रत्येक भागाची सरासरी काढून गुणिले ४. नातेसंबंधात तीन प्रश्न, उत्तरं समजा ४, ३, ४, सरासरी ३.६७, चार पट १४.६७. शंभरात हवं असेल तर त्यातून ४ वजा, भागिले १६, गुणिले १००, म्हणजे जवळपास ६७. चारही भागांची एकत्र बेरीज करून "एकूण जीवनमान" असा आकडा काढायचा नाही, चार भाग वेगळेच दाखवायचे.

ईक्यू-फाइव्हडीत पाच उत्तरांचा एक पाच आकडी कोड होतो, जसं २१३४२. ह्या आकड्यांची बेरीज करून १२ लिहिलेले प्रबंध मी बघितलेत, ते चूक आहे. कारण हिंडण्यातली अडचण आणि दुखण्यातली अडचण लोकांच्या दृष्टीने सारख्या वजनाची नसते. त्या कोडची किंमत त्या-त्या देशातल्या लोकांनी ठरवलेल्या तक्त्यातून घ्यायची, भारताचा तक्ता २०२२ मध्ये आलाय, चंदिगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या लोकांनी केलाय, तोच वापरा, इंग्लंडचा नको. पूर्ण बरं म्हणजे १, मृत्यूइतकं म्हणजे ०, आणि काही अवस्था शून्याच्याही खाली जातात, ते बघून दचकू नका.

आकड्याचा अर्थ

स्कोअर हलला म्हणजे पेशंट सुधारला असं लगेच नाही. एलईएफएसमध्ये ९ च्या वर, डॅशमध्ये साधारण १० ते १५, क्विकडॅशमध्ये साधारण १५-१६ च्या आसपास फरक पडला तर तो पेशंटला जाणवणारा फरक धरतात. वरच्या उदाहरणात ६१ चे ३० झाले म्हणजे चांगलाच फरक. पण ३४ चे २९ झाले आणि संगणकाने पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा असेल का हे तपासणारा आकडा) छान दिली म्हणून आनंद नको, ५ गुणांनी त्या बाईच्या दिवसात काही बदललेलं नसेल.

दुसरं, माणसाची मोजपट्टी आतून सरकते. अपघातानंतर सुरुवातीला "माझं सगळं संपलं" म्हणणारा सहा महिन्यांनी तितक्याच चालण्यावर "चाललंय चांगलं" म्हणतो, कारण शेजारच्या बेडवरचे पेशंट बघितलेले असतात, घर सावरलेलं असतं. हे खोटं नाही, हेसुद्धा बरं होणंच आहे, पण ते पायाच्या ताकदीमुळे झालं असं लिहू नका. सहाव्या महिन्यात एकदा विचारून बघा, आज मागे वळून पाहता अपघातानंतरच्या सुरुवातीची अवस्था कशी होती, आणि तेव्हा दिलेल्या उत्तराशी ताडून बघा. त्या दोन उत्तरांमधल्या फरकावरून पट्टी किती सरकली याचा अंदाज येतो.

तिसरं, जे परत आले नाहीत त्यांना विसरू नका. पन्नासातले तीसच वर्षाला आले आणि तीसांची सरासरी छान आली, तर ते वीस कुठे गेले? काही बरे झाले म्हणून आले नाहीत, काहींकडे गाडीभाडं नव्हतं. फोन करा, आशाताईंना विचारा, आणि लिहिताना ते वीस कोण होते हे सांगा.

आकड्याचं पुढे काय करायचं

हे केलं नाही तर वरचं सगळं वाया. आमच्याकडे फाईलच्या पहिल्या पानावर एक साधा आलेख असतो, आडवे महिने, उभा स्कोअर, हाताने काढलेला. रेघ चढत असेल तर चालू द्या. सहाव्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत रेघ सपाट असेल तर थांबून प्रत्येक प्रश्न वेगळा बघा, एकूण आकडा नको.

दुखण्याचा प्रश्न वाढत चाललाय, दुखापतीच्या मानाने वेदना फार जास्त, हाताचा रंग आणि तापमान बदलतंय, घाम, सूज, नुसता पदर लागला तरी कळ, तर सीआरपीएसची, म्हणजे दुखापतीनंतर वेदना प्रमाणाबाहेर वाढत जाणाऱ्या आजाराची, शंका धरा आणि त्याच दिवशी ऑर्थोला दाखवा, पुढच्या फॉलोअपची वाट बघू नका. झोपेचा प्रश्न अडकलाय तर रात्रीच्या वेदनेचं बघा. चालता येतंय पण बाहेर पडत नाही असं दिसलं तर विचारा की रस्ता ओलांडायची भीती वाटते का, ब्रेकचा आवाज आला की काळजात धस्स होतं का, अपघाताचं मनावरचं ओझं असं बाहेर येतं. चिंता-उदासीच्या प्रश्नाला तिसरी पायरी किंवा वर असेल तर मी पीएचक्यू या उदासी तपासायच्या फॉर्मचे दोन प्रश्न विचारते, बेरीज ३ किंवा जास्त आली तर नऊ प्रश्नांचा पूर्ण. त्यातला नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याचा आहे. तो फॉर्म न वाचता फाईलला लावायचा नाही, पेशंट समोर असतानाच बघायचा, आणि उत्तर शून्य नसेल तर त्याला एकटं घरी पाठवायचं नाही, मानसोपचाराकडे न्यायचं, घरच्या माणसाशी बोलायचं, १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर द्यायचा. कडबाकुट्टीत किंवा चरकात हात गेलेल्या तरुण पोरांच्या बाबतीत तर हे पहिल्या आठवड्यापासून बघा.

पैशाचा आणि कामाचा भाग खाली असेल तर व्यायाम वाढवून काही होत नाही. तिथे मालकाला हलक्या कामाचं पत्र लिहून द्या, समाजसेवा विभागाला जोडून द्या, गावात जवळ कोणी फिजिओ असेल तर तिकडे सोपवा म्हणजे एसटीचे दोन तास वाचतील.

प्रबंध करणाऱ्यांना एवढंच, नैतिक समितीची परवानगी आणि पेशंटची मराठीतली लेखी संमती पहिला फॉर्म भरायच्या आधी घ्या, मागाहून नाही. आणि हाताचे नि पायाचे पेशंट एकत्र करून एका सरासरीत टाकू नका.

घरच्यांनी काय करायचं? फॉर्मची गरज नाही. दर रविवारी विचारा, या आठवड्यात कुठलं काम पहिल्यांदा जमलं, कुठलं अजून जमत नाही, आणि कुठलं जमतं पण भीतीने करत नाही. वहीत तारखेसकट लिहा आणि ती वही पुढच्या फॉलोअपला एक्सरेच्या पाकिटातच ठेवून आणा.

मावशींचं सांगायचं राहिलं. तीन कामं लिहिली, भाकरी थापणं ०, धुणं पिळणं ४, हातावर रेलून जमिनीवरून उठणं २. तळहातावर हळूहळू भार घ्यायचे व्यायाम सुरू केले, आधी भिंतीवर, मग टेबलावर, मग मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर. दोन महिन्यांनी धुणं ८, उठणं ६, भाकरी ७. एका वेळी दोनच भाकऱ्या होतात अजून, तिसऱ्याला कळ येते, त्यामुळे पुढच्या महिन्यात परत बोलावलंय.